गाभण आहे असेच धरा



कापसाला जोड म्हणून पहिल्यांदाच मेंढी घेणारे विचारतात, बाजारातून आणलेली मेंढी गाभण असेल का? आमचे म्हणणे, कळपात मेंढा होता तर गाभण आहे असेच धरा. मेंढी पाच महिने गाभण राहते, आणि पोटातले कोकरू जास्त वाढते ते शेवटच्या दीड महिन्यात. तेव्हा नुसत्या कडब्यावर ठेवू नका. हिरवा पाला आणि थोडी सरकी पेंड रोज द्या. ज्वारीचे कोवळे फुटवे आणि फवारलेली पऱ्हाटी, दोन्हींत विष. तिकडे सोडू नका. अंदाज चुकला तर ओंजळभर पेंड जाईल. गाभण नाही म्हणून उपाशी ठेवली तर कोकरू जाईल, मेंढीही जाईल. आणि अडीनडीला विकावीच लागली, तर दोन जिवांचा भाव मागा.