डाएटचा सोमवार बंद करा



गेल्या पंधरा दिवसांत तीन जणींनी मला एकच वाक्य ऐकवलं. "माझं डाएट मोडलं गं, आता सोमवारपासून परत." एकीचं लग्नात मोडलं, एकीचं माहेरी, एकीचं नातवाच्या वाढदिवसाला. तिघींना मी "हो हो" म्हटलं, कारण हेच वाक्य मी स्वतः पाच आठवडे म्हणत होते. आज मात्र स्पष्ट लिहिते. हा सोमवार आपल्याला लुबाडतो. आणि ज्या घरात प्रतिक्रमण होतं, त्या घरातल्या बाईने तर त्याच्या नादी मुळीच लागू नये.

आधी माझा हिशेब मांडते. बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पण जमा-खर्च अजून विसरले नाही.

गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. तीन महिन्यांचे सहा हजार भरून एक डाएट घेतलं. वजन ७४ होतं. तेवीस दिवस नीट केलं, ७१ वर आले. मग भाच्याचं लग्न आलं. दोन दिवस बासुंदी, जिलेबी, कचोरी, सगळं झालं. तिसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिले तर साडेबहात्तर! मला रडूच आलं. तेवीस दिवसांचं सगळं पाण्यात गेलं असं वाटलं आणि मी चार्टचा कागद फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

आता आकडे बघा. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. लग्नात मी रोज दीड हजार कॅलरी जास्तीच्या खाल्ल्या असं धरलं तरी दोन दिवसांच्या झाल्या तीन हजार. म्हणजे साधारण चारशे ग्रॅम. काट्यावर दिसलेलं बाकीचं वजन होतं पाण्याचं. खारट आणि पिठूळ-गोड खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, आणि दोन-चार दिवस नेहमीचं जेवलं की ते निघून जातं. म्हणजे लग्नाचं खरं नुकसान चारशे ग्रॅम.

आणि "मोडलंच आहे तर आता सोमवारपासून" म्हणत जे पाच आठवडे गेले, त्यांचं? रोज फक्त सहाशे कॅलरी जास्त धरा. चहाबरोबर दोन खारी, दुपारी मूठभर शेव, जेवणानंतर एक लाडू, झाल्या सहाशे. पस्तीस दिवसांच्या एकवीस हजार. म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. मी परत ७४ वर! दोष मात्र मी लग्नाला देत होते, जिलेबीला देत होते. तोटा जिलेबीने केला नव्हता, सोमवारने केला होता.

हा अनुभव एकट्या माझा नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कॉलेजच्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या बंधन ठेवत होत्या, त्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. एकदा मोडलं ना, मग आता काय!

मैत्रिणींनो, हा रोग आपल्या धर्माने फार पूर्वीच ओळखला आहे. व्रताच्या बाबतीत आपल्याकडे चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. मनात मोडायची इच्छा आली, त्या दिशेने पाऊल पडलं, अंशतः भंग झाला, आणि पूर्ण मोडलं. व्याख्यानात आपण हे शंभरदा ऐकतो. काजूकतलीच्या डब्यापाशी मात्र विसरतो. डब्याकडे मन गेलं, हात झाकणाला लागला, एक वडी तोंडात गेली, डबा मांडीवर घेऊन बसले. या चार गोष्टी एकच आहेत का? एका वडीनंतर झाकण लावता येतं. आपण मात्र "एक खाल्ली म्हणजे मोडलंच" म्हणून अतिचाराचा अनाचार स्वतःच्या हाताने करतो.

आणि चुकीची आलोचना कधी करायची? दिवसभरातल्या दोषांचं देवसी त्याच संध्याकाळी, रात्रीच्या दोषांचं राई सकाळी. मग पाक्षिक, चौमासी, संवत्सरी आहेतच. पण पुढच्या सोमवारचं प्रतिक्रमण कोणी ऐकलं आहे का? ज्यांनी ही व्यवस्था लावली, त्यांना माहीत होतं की माणूस रोज चुकणार. म्हणून परत यायची वाट रोजची ठेवली. पच्चक्खाणातसुद्धा आगार ठेवले आहेत. विसरून तोंडात गेलं, अचानक काही पडलं, प्रकृतीच्या समाधीसाठी औषध घ्यावं लागलं, तर भंग मानत नाहीत. आणि आपलं सहा हजारांचं डाएट! त्यात एकही आगार नाही, एकही आलोचना नाही.

आता माझी दुसरी चूक सांगते, ती पहिलीपेक्षा मोठी आहे. पाच आठवड्यांनी स्वतःचा इतका राग आला की मी तेला घेतला. मनात एकच होतं, तीन दिवसांत दोन किलो उतरवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यापाशी डोळ्यांसमोर अंधारी आली. सूनबाईने धरलं म्हणून बरं, समोर गॅसवर दूध उतू जात होतं. नंतर साध्वीजींकडे गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं की तेला कशासाठी घेतला होता. मला खरं उत्तर द्यायची लाज वाटली.

कारण उत्तर आपल्या शास्त्रात स्पष्ट आहे. फळाची इच्छा धरून केलेलं तप म्हणजे निदान, आणि माया, निदान, मिथ्यात्व ही तीन शल्यं आहेत. शल्य म्हणजे काटा. माझा तेला निर्जरेसाठी नव्हताच, तो वजनकाट्यासाठी होता आणि त्यात क्रोध भरलेला होता. पर्युषणात "अठाईत माझं चार किलो उतरलं" असं कौतुकाने सांगणाऱ्या बायकांना मला आता हात जोडून सांगावंसं वाटतं, बाई गं, तपाची किंमत किलोत लावू नकोस. शिवाय पारण्यानंतर ते चारातले बरेचसे परत येतात. आणि ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन आहे, रक्तदाबाचं औषध आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये. प्रायश्चित्त गुरूने द्यायचं असतं. स्वतःवर सूड उगवणं म्हणजे प्रायश्चित्त नव्हे.

एखादी विचारेल, "मग प्रतिक्रमणाची रीत वजनासाठी वापरणं हेही निदानच नाही का?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी दोन खाती वेगळी ठेवली आहेत. दुकानाचा खर्च आणि घरखर्च एका वहीत लिहू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. तप धर्माच्या खात्यात, वजन शरीराच्या खात्यात. धर्माकडून मी फक्त परत येण्याची सवय उसनी घेतली आहे, पुण्य मागितलेलं नाही. जमाखर्चात चुकीची नोंद झाली तर आपण वही फाडत नाही, खाडाखोडही करत नाही. त्याच दिवशी दुरुस्तीची नोंद करतो आणि शिल्लक पुढे ओढतो.

आता थोडं त्या चार्टबद्दल. सकाळी कोमट पाण्यात मध, अकराला गाजर, दुपारी मोडाची कडधान्यं, रात्री नऊला दूध. आमच्या घरात मध नाही, कंदमूळ नाही, मोड आलेलं आम्ही खात नाही, सूर्यास्तानंतर स्वयंपाकघर बंद. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, मग सॅलड कुठून आणू? जे आपल्या घरासाठी लिहिलेलंच नाही ते मोडणारच, आणि मोडल्याचं पाप बाईच्या माथी!

पण सगळा दोष चार्टवर टाकून मी सुटणार नाही. आपल्या घरातही गडबड आहे. चौविहार करणाऱ्या घरांत संध्याकाळी "आता सकाळपर्यंत काही नाही" म्हणून दोन फुलके जास्तीचे जातात. भाजी वर्ज्य त्या दिवशी पापड, गट्टे, शेव यांची चंगळ असते. आणि सगळ्यात मोठं भोक पातेल्यात आहे. वासी चालत नाही, अन्न टाकायचं नाही, सूर्य मावळायला आलाय, मग उरलेली खिचडी कोणाच्या पोटात जाते? घरच्या बाईच्याच ना? ताट धुवून पिणं हा धर्म आहे, पातेलं पोटात रिकामं करणं हा धर्म नाही. मी डाळ-तांदळाचं माप एक वाटीने कमी केलं. उरलंच तर कामवाल्या ताईंना गरम असतानाच डबा भरून देते.

बाकी मी फार काही करत नाही. दिवसाला किती द्रव्यं खायची ते सकाळी ठरवते. त्यामुळे येता-जाता तोंडात टाकणं आपोआप कमी होतं, कारण चिमूटभर शेवसुद्धा एक द्रव्य मोजावं लागतं. पोटात थोडी जागा ठेवून उठते. काट्यावर आठवड्यातून एकदाच, लग्नानंतरच्या सकाळी तर मुळीच नाही. आणि चुकलं, म्हणजे चुकतंच, तर त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर एक टिंब करते, रागवत नाही, उपाशी राहत नाही, पुढचं जेवण नेहमीचं जेवते. गेल्या महिन्यात सात टिंबं झाली. पूर्वी एकाच टिंबाने महिना गेला होता. वजन आज ७२ आहे. हळूहळू उतरतंय, पण जिना आता कठड्याला न धरता चढते.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी लाडू खाल्ला असेल तर सोमवारची वाट बघू नका. संध्याकाळचं जेवण अजून व्हायचं आहे.

लिहिताना कोणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.