समुद्र नसलेल्या शहराची चौपाटी

नागपूरला समुद्र नाही. तरीही 'संध्याकाळी चौपाटीवर जाऊ' असे नागपूरकर सहज म्हणून जातो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. ही चौपाटी म्हणजे फुटाळा तलावाचा काठ. मुंबईकराला गिरगाव वा जुहूला भेळ खाताना जे सुख लाभते, तेच नागपूरकराने तलावाच्या भिंतीवर बसून निखाऱ्यावर भाजलेले कणीस आणि आंबटतिखट पाणीपुरी खाताना शोधले. पावसाळी वारा, समोर मावळता सूर्य आणि हातात वाफाळता चहा, एवढ्या भांडवलावर या शहराने आपला समुद्रकिनारा उभा केला. तेथे यायला तिकीट लागत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य.

भोसल्यांच्या राजवटीत, 1799 मध्ये, सिंचनासाठी बांधलेला हा तलाव अलीकडे गाजला तो मात्र न्यायालयात. तलावातील संगीत कारंजे, काठावरील प्रेक्षक सज्जा, तरंगते उपाहारगृह आणि कृत्रिम वटवृक्ष अशा सुशोभीकरणाला एका स्वयंसेवी संस्थेने आव्हान दिले. फुटाळा मानवनिर्मित असल्याने 2017 च्या नियमांतील व्याख्येनुसार तो 'पाणथळ जागा' ठरत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2023 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये कायम ठेवला. तथापि, पाणथळ जागांवर कायमस्वरूपी बांधकामाला मनाई करणाऱ्या तरतुदीचा आशय येथेही पाळावा, हा उच्च न्यायालयाचा निर्देशही कायम राहिला.

अशा रीतीने तलाव काय नाही, हे ठरले. काठ कोणाचा, हा प्रश्न मात्र शिल्लकच आहे.

सुशोभीकरणाच्या चर्चेत कारंज्यांची उंची येते, वाहनतळ येतो. हातगाडीवाला येतो तो अडथळा म्हणून. वस्तुतः ज्या गर्दीसाठी हा सारा खटाटोप चालला आहे, ती गर्दी तलावाकडे ओढून आणण्यात या हातगाड्यांचा वाटा मोठा आहे. तरंगत्या उपाहारगृहाचे दर ज्यांना परवडतील त्यांना शहरात अन्य ठिकाणेही आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थी, छोटा नोकरदार आणि मुलाबाळांसह दुचाकीवर आलेले कुटुंब यांना मात्र एवढ्या अल्प खर्चात एवढे मोकळे आकाश दुसरीकडे मिळणे कठीण.

कायदा या बाबतीत मुका नाही. पदपथावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांसह मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1989 मध्येच मान्य केले. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्याला चौकट दिली. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एकतृतीयांश महिला असाव्यात, असे हा कायदा सांगतो. ग्राहक व विक्रेते परंपरेने जेथे एकत्र येतात त्या जागेला त्याने 'नैसर्गिक बाजारपेठ' म्हटले असून, सर्वेक्षणात तशी निश्चित झालेली बाजारपेठ ना-फेरीवाला क्षेत्र घोषित करता येत नाही. फुटाळ्याच्या संध्याकाळला याहून नेमके नाव कोणते असेल?

दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. पाणीपुरीचे पाणी कोठून आले, बशा कशात विसळल्या, उष्टे कोठे गेले, हे प्रश्न खवय्याच्या पोटाशी निगडित आहेत आणि तलावाच्या प्रकृतीशीही. काठावर फेकलेला प्रत्येक पेला अखेर पाण्यातच जातो. परंतु नळ, कचरापेटी आणि सांडपाण्याची वाट उपलब्ध करून न देता अस्वच्छतेचा ठपका एकट्या विक्रेत्यावर ठेवणे न्याय्य नव्हे. अहमदाबादच्या कांकरिया तलावावरील खाद्यविक्रेत्यांना प्रशिक्षण देऊन आणि त्यांची तपासणी करून केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशातील पहिले 'स्वच्छ स्ट्रीट फूड हब' तेथे घोषित केले. तलाव आणि खाऊगल्ली एकत्र नांदू शकतात, याचा हा दाखला. मात्र कांकरियाला प्रवेशशुल्क आहे. नागपूरने तेथली स्वच्छता घ्यावी, तिकीटखिडकी घेऊ नये.

उपाय अवघड नाहीत. विक्रेत्यांचे सर्वेक्षण, ठरावीक जागा व वेळ, पिण्याच्या पाण्याचे नळ, रोजची कचरा उचल आणि अन्न परवाना विभागाची नोंदणी, एवढ्याने बरेच साधेल. लहान विक्रेत्यासाठी ही नोंदणी खर्चिक नाही. अडचण पैशाची कमी, दृष्टीची अधिक आहे.

कारंजे शहराच्या वैभवात भर घालील, यात शंका नाही. परंतु नागपूरकरांनी या काठाला चौपाटी म्हटले, ते कारंजे येण्याच्या कितीतरी आधी. सुशोभीकरणानंतर तलाव देखणा झाला आणि कणीसवाली मावशी तेवढी दिसेनाशी झाली, तर शहराला एक प्रेक्षणीय स्थळ मिळेल. चौपाटी मात्र हरवलेली असेल.