कॉन्टेसा विकली ते बरंच केलं

आपल्याकडे गाडी घेतली की पेढे वाटतात, विकली की लोकांचा आवाज खाली येतो. 'विकून खाल्लं' हे तर जवळजवळ शिवीसारखंच वापरलं जातं. त्यात ती वस्तू आज्जाची असेल तर विचारूच नका. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या घरची जुनी कॉन्टेसा विकून आम्ही सेकंडहँड वॅगनआर घेतली. त्या व्यवहारात मीच पुढे होतो. "आज्जाची गाडी विकतोस व्हय रे?" हा प्रश्न तेव्हापासून इतक्या जणांनी विचारलाय की एकदा लेखी उत्तर देऊन टाकावं म्हटलं. माझं म्हणणं सरळ आहे. आम्ही विकली ते बरंच केलं. आणि तुमच्या घरी असा प्रश्न उभा राहिला, तर तुम्हीही न लाजता हिशोब मांडा.

आधी थोडं कॉन्टेसाबद्दल, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती फक्त जुन्या हिंदी सिनेमात पाहिली असेल. अमेरिकेत 1964 च्या पाँटियाक जीटीओपासून 'मसल कार' हा प्रकार गाजला. मध्यम आकाराची गाडी, तिच्यात मोठं व्ही-एट इंजिन, आणि किंमत तरुण पोरांना झेपेल अशी. पुढे विम्याचे हप्ते वाढले, 1973 चं तेलसंकट आलं आणि त्या गाड्यांचा जोर ओसरला. आपल्याकडे तसं काही बनलंच नाही. त्यातल्या त्यात तशी दिसणारी गाडी म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा. व्हॉक्सहॉल व्हीएक्स या ब्रिटिश गाडीवरून बेतलेली, लांबलचक बॉनेटची, मागच्या चाकांवर चालणारी. म्हणून शौकीन मंडळी तिला 'भारताची मसल कार' म्हणतात. गंमत अशी की 1984 मध्ये ती आली तेव्हा आतलं दीड लिटरचं इंजिन ॲम्बॅसेडरचंच होतं. अंग पैलवानाचं, दम मात्र बेताचा! पुढे इसुझुचं 1.8 लिटरचं इंजिन बसलं, तेव्हा ती खरी पळायला लागली. 2002 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

तिच्या थोडं आधी, डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 रस्त्यावर आली होती. 796 सीसी, तीन सिलिंडर. एक गाडी रुबाबाची, दुसरी कामाची. मध्यमवर्गानं कुठली निवडली ते आपण जाणतोच. म्हणजे आम्ही जी अदलाबदल केली, ती या देशातल्या लाखो घरांनी चाळीस वर्षांपूर्वीच केली होती. त्यांना कुणी 'विकून खाल्लं' म्हटलं नाही.

आता आमच्या घरचं. आज्जांची खानापुरात लाकडाची वखार होती. त्यांनी 1990 ची इसुझु इंजिनवाली कॉन्टेसा सेकंडहँड घेतली. आमच्या गल्लीतले कितीतरी नवरदेव त्या गाडीतून मांडवात गेले. आज्जा गेले, वखार बंद झाली, गाडी राहिली. मग बाबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा बेळगावला जायचं, साधारण 25 किलोमीटर जायला, तेवढेच यायला.

कॉन्टेसा त्या वयात लिटरला आठ किलोमीटर द्यायची. एका फेरीला सहा लिटरच्या वर पेट्रोल, म्हणजे सहाशे रुपयांच्या पुढे. वॅगनआर त्याच फेरीला तीन लिटरात भागवते. महिन्याच्या तेरा फेऱ्या धरल्या तर फरक चार हजारांच्या वर जातो. वर्षाचे पन्नास हजार झाले. ज्या घरात औषधांची चिठ्ठी बघून किराणा ठरतो, त्या घरात हा आकडा लहान नाही.

पेट्रोलचं एकवेळ सोडा, भरवशाचं काय? पस्तीस वर्षं जुन्या गाडीचे पार्ट दुकानात मिळत नाहीत. आमच्या उद्यमबागेतल्या कारागिरांनी लेथवर बुश कातून दिले, म्हणूनच ती इतकी वर्षं चालली. त्यांच्या हाताला तोड नाही. पण डायलिसिसची वेळ लेथ मोकळा व्हायची वाट बघत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट आईची. कॉन्टेसा आमच्या घरात वीस वर्षं होती, पण आई एकदाही तिच्या स्टिअरिंगवर बसली नाही. जड स्टिअरिंग, जड क्लच, "बाईमाणसाचं काम नव्हे" असं म्हणणारे काका आणि शेजारी. वॅगनआर आली त्या आठवड्यात आई म्हणाली, "मला शिकव की." दोन महिन्यांत लायसन्स निघालं. माझी परीक्षा असली की आता तीच बाबांना घेऊन जाते. मी पेपर सोडून धावत नाही, बाबांना कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. ज्या गाडीला लोक घराण्याची शान म्हणत होते, ती घरातल्या अर्ध्या माणसांना चालवताच येत नव्हती. मग ती शान नक्की कुणाची?

विकायला विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मात्र ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की थांबलात तर भाव वाढेल. वाढेलही. पण तो चालत्या, न गंजलेल्या गाडीचा. खानापूरच्या पावसात उघड्या पत्र्याखाली उभ्या गाडीचा तळ किती टिकतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. उभ्या गाडीची बॅटरी बसते, रबरी सील सुकतात, वायरी उंदीर खातात. शिवाय पंधरा वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. कारसाठी ही फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5000 रुपये झाली होती. 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावी म्हटलं तर 2021 च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांची व्हायला हवी. आमची 2040 मध्ये झाली असती! आणि तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे शौक म्हणून ठीक, पण दवाखान्याच्या फेऱ्यांना तिचा उपयोग शून्य.

दुसरा मुद्दा वारशाचा, आणि तो मला मनापासून पटतो. अशा गाड्या थोड्याच उरल्यात, त्या टिकायला हव्यात. म्हणूनच मी म्हणतो, भंगारात घालू नका, सांभाळणाऱ्याला द्या. भंगारवाल्यानं वजनावर भाव सांगितला होता, तो आम्ही नाकारला. गाडी घेतली कोल्हापूरच्या एका हौशी मेकॅनिकनं. त्यानं इंजिन उतरवलं, तळाचा पत्रा बदलला, आणि आज ती आमच्या अंगणात होती त्यापेक्षा ठणठणीत आहे. मला वाईट वाटलं का? वाटलं. मागच्या सीटवर आम्ही चार भावंडं ऐसपैस बसायचो, तेवढी जागा आता नाही. पण वाईट वाटणं म्हणजे चुकीचं करणं नव्हे.

विकणार असाल तर एक काम मात्र नीट करा. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय विषय संपला असं समजू नका. गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल, आमची गेली तशी, तर आरटीओची एनओसीही लागते. नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. भावनेच्या भरात किल्ली देऊन मोकळे होऊ नका.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या सीमाभागात जपण्याचं वेड जरा जास्तच आहे. भाषा जपायची, वाडा जपायचा, आज्जाची काठीसुद्धा जपायची. त्यातलं पुष्कळ खरंच जपण्यासारखं आहे. पण जपण्याला खर्च असतो, आणि तो बहुतेक वेळा 'जपा, जपा' म्हणणारा देत नाही. तो आईच्या पायपिटीतून, बापाच्या औषधातून, पोरांच्या फीमधून निघतो. म्हणून कुठलीही जुनी वस्तू ठेवायची की द्यायची हे ठरवताना मी तीनच प्रश्न विचारतो. ती वापरणार कोण? राखणार कोण? आणि तिचा खर्च कुणाच्या गरजेतून कापला जाणार? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली तर खुशाल ठेवा. नाही मिळाली, तर चांगला माणूस शोधा आणि विका. वखार चालवणाऱ्या आमच्या आज्जांना हा हिशोब माझ्याआधी कळला असता.