दोन तास कोण देणार?

या सदरात आपण बहुतेक वेळा मुलांच्या अभ्यासाबद्दल बोलतो. या वेळी मुलांच्या अम्मीच्या अभ्यासाबद्दल बोलू या.

पालकसभा संपली की काही आया मागे रेंगाळतात. बहुतेकींना मुलाची तक्रार सांगायची असते. दोन वर्षांपूर्वी अशीच एक अम्मी थांबली. वर्ग रिकामा झाल्यावर हळूच म्हणाली, "टीचर, मुलाचं नाही, माझं काम आहे. छत्तिसाव्या वर्षी दहावी करता येते का?"

तिचे घर उमेळ्याहून नायगाव स्टेशनकडे जाताना लागते. नववीत शाळा सुटली, मग निकाह, मग दोन मुले. गेली आठ वर्षे ती वसई पूर्वेच्या एका कंपनीत चेकिंगच्या टेबलावर उभी राहते. त्या वर्षी लाइन सुपरवायझरची जागा निघाली. ती जागा बावीस वर्षांच्या मुलीला मिळाली, आणि त्या मुलीला काम हिनेच शिकवले होते. मुलीकडे दहावीची मार्कशीट होती. "तिचा राग नाही मला," ती म्हणाली. "ती शिकली, तिला मिळालं. माझ्या हातात काम आहे, पण कागद नाही."

मी लगेच म्हटले, होते, नक्की होते. १७ नंबरचा फॉर्म भरायचा आणि खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसायचे. तिचे मियाँ रिक्षा चालवतात. त्यांनीही अडवले नाही. "शिकते तर शिकू दे," एवढेच म्हणाले. मला वाटले, अर्धे काम झाले. मी तिला जुनी पुस्तके दिली आणि सांगितले, रोज दोन तास अभ्यास कर.

डिसेंबरात वह्या पाहिल्या. गणिताची वही तिसऱ्या सरावसंचावर थांबलेली होती. मी जरा रागावले. "मनावर घ्यायला हवं," असेही म्हणाले. ती काही बोलली नाही.

फेब्रुवारीत सरावाच्या प्रश्नपत्रिका द्यायला तिच्या घरी गेले, तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते. ती नुकतीच कामावरून आली होती. बुरखा खुंटीला लावला आणि सरळ कणीक मळायला बसली. सासूबाईंना साखरेचा त्रास, त्यांच्या गोळ्या. धाकट्याचा गृहपाठ. पिण्याचे पाणी भरणे. उद्याच्या डब्याची भाजी निवडणे. भांडी. हे सगळे आवरायला अकरा वाजतात आणि पहाटे फज्रला पुन्हा उठायचे. मी सांगितलेले दोन तास त्या घरात नव्हतेच. नसलेल्या वेळात अभ्यास केला नाही म्हणून मी तिला बोलले होते.

निकालात ती भाषा आणि समाजशास्त्र पास झाली, विज्ञानही कसेबसे निघाले. इंग्रजी आणि गणित राहिले.

त्या रात्री मला माझे बी.एड.चे वर्ष आठवले. माझी मुलगी तेव्हा एक वर्षाची होती. तिला सांभाळले माझ्या सासूबाईंनी, आणि वर्षभर संध्याकाळचा स्वयंपाकही त्यांनीच केला. इतकी वर्षे मी समजत होते की मी मेहनत केली म्हणून बी.एड. झाले. मेहनत केलीच होती. पण मेहनत करायला लागणारा वेळ दुसऱ्या बाईने दिला होता, आणि त्याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता.

आपल्या घरांमध्ये आता बाईला शिकायला सहसा 'नाही' म्हणत नाहीत. इल्मला वयाची अट नाही, हे आपण जुम्म्याच्या बयानातही ऐकतो आणि मान डोलावतो. इजाजत मिळते, वेळ मात्र मिळत नाही. आणि वेळेशिवाय मिळालेली इजाजत कोऱ्या वहीसारखीच राहते.

ही अडचण आजची नाही, आणि तिच्यावरचा इलाजही आपल्याच लोकांनी दाखवून दिलेला आहे. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ असताना, १९३९ साली, शहरात मोठी साक्षरता मोहीम झाली. त्याच सुमारास कुलसूम सयानी मुस्लिम मोहल्ल्यांत काम करत होत्या. 'बिनाका गीतमाला'चे अमीन सयानी यांच्या त्या आई. सुरुवातीला त्यांच्याजवळ होते शंभर रुपये आणि दोन शिक्षक. पडद्यातली बाई वर्गाला येणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्या घरोघर गेल्या, बायकांशी आणि घरच्या मोठ्यांशी बोलल्या, आणि वर्ग बायकांच्या दाराशी नेला. अक्षरओळख झालेली बाई वाचायला काही नसेल तर पुन्हा विसरते, हेही त्यांनी ओळखले होते. त्यासाठी १९४० मध्ये त्यांनी 'रहबर' नावाचे पाक्षिक सुरू केले. भाषा सोपी हिंदुस्तानी, आणि लिपी तीन: उर्दू, देवनागरी आणि गुजराती. ते वीस वर्षे चालले. मुलगा अमीन त्या कामात हात लावत असे. १९६९ मध्ये कुलसूमबाईंना नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला.

१९३९च्या त्या मोहिमेतून उभी राहिलेली समिती पुढे मुंबई शहर समाज शिक्षण समिती म्हणून ओळखली गेली. याच समितीच्या पुढाकाराने १९६७ मध्ये वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. वरळी तेव्हा गिरण्यांचा आणि चाळींचा भाग होता. कामगार पाळीत काम करतो, तर वर्गही त्याची पाळी पाहून भरायला हवा, आणि शिकवायचे ते त्याच्या कामाला लागेल असे हवे, हा विचार त्यामागे होता. ही कल्पना देशभर पसरली. २००० साली या संस्थांचे नाव जन शिक्षण संस्थान झाले आणि २०१८ पासून त्या केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत. आज तिथे शिवणकाम, ब्युटी पार्लर, विजेची कामे असे छोटे कोर्स चालतात. साधारण १५ ते ४५ वयाच्या, शाळा न पाहिलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या लोकांसाठी ते असतात.

आपल्यापैकी काहींचे नातेवाईक अमेरिकेत आहेत. ते फोनवर 'कम्युनिटी कॉलेज'चे नाव घेतात: दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, मुलांबरोबर आईबापही तिथेच शिकतात. शिकागोजवळच्या जोलिएट गावात असे कॉलेज १९०१ मध्येच सुरू झाले. आपल्याकडे उमेळ्याच्या नाक्यावर तसे कॉलेज नाही. पण रस्ते आहेत, आणि ते माहीत असायला हवेत.

ज्या आईला किंवा दादीला अजिबात लिहितावाचता येत नाही, तिच्यासाठी 'उल्लास' नावाचा साक्षरता कार्यक्रम आहे. वय १५ च्या वर कितीही चालते. वाचन, लेखन आणि हिशेब यांची ५०-५० गुणांची साधी परीक्षा असते. शिकवणारे स्वयंसेवक असतात, म्हणजे तुमची कॉलेजात जाणारी मुलगीसुद्धा शिकवू शकते. जवळच्या शाळेत चौकशी करा.

ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म. हा ऑनलाइन भरायचा असतो, आणि अर्ज परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, पावसाळ्यातच सुरू होतात. जानेवारीत जागे झालात तर वर्ष गेले. सर्वांत आधी जुन्या शाळेतून दाखला काढा. आपल्या बायकांची खरी अडचण इथे येते: दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि स्पेलिंग दोन्हीकडे निराळे. दाखल्यावरचे नाव आणि जन्मतारीख काळजीपूर्वक पाहा, आणि निकाहनाम्याची प्रत जवळ ठेवा. नाव दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे काम फॉर्मच्या आधी करा.

एका दमात सगळे विषय झेपणार नसतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एन.आय.ओ.एस., पाहा. तिथे वयाची वरची मर्यादा नाही. दहावीसाठी पाच विषय पास व्हावे लागतात, आणि ते पाच वर्षांत नऊ संधींमध्ये, एक-एक दोन-दोन करून सोडवता येतात. माध्यम उर्दूही घेता येते, मराठीही. कामावर जाणाऱ्या बाईला हे बरे पडते. बारावीनंतर पुढे जायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते घरी राहून शिकणाऱ्यांना पदवी देत आले आहे.

पुरुषांसाठीही एक गोष्ट. आपल्याकडे कितीतरी भाऊ गॅरेजमध्ये, वेल्डिंगमध्ये, एसीच्या कामात पंधरा-वीस वर्षे मुरलेले आहेत, उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्याकडेही कागद नाही. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. तिला आर.पी.एल. म्हणतात. आणि आय.टी.आय.ला वयाची वरची अट नाही, हे पुष्कळांना माहीतच नसते. मात्र दलालाला पैसे देऊन घरबसल्या दहावीचा कागद मिळतो, या बोलण्याला भुलू नका. तसला कागद नोकरीच्या ठिकाणी पडताळणीत अडकतो, आणि माणूस आधी होता त्याहून मागे जातो.

आता पुन्हा त्या अम्मीकडे येते. निकालानंतर मी तिच्या घरी गेले आणि या वेळी तिला काहीच सांगितले नाही. सगळ्यांना बसवले. एका कागदावर संध्याकाळचे सहा ते अकरा असे तास लिहिले आणि प्रत्येक कामापुढे ते कोण करते त्याचे नाव लिहायला तिच्या मोठ्या मुलाला सांगितले. त्याने प्रत्येक ओळीत 'अम्मी' लिहिले. पाचव्या-सहाव्या ओळीला त्याचा हात थांबला. मग तोच म्हणाला, "कणीक मी मळेन." सासूबाई म्हणाल्या, "मला उभं राहवत नाही, पण भाजी निवडायला काय झालं?" मियाँ बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "पाणी आणि धाकट्याचा गृहपाठ माझ्याकडे. मगरिबला मी रिक्षा लावून घरी येतो, इशानंतर परत काढतो."

अशी मगरिब ते इशा ही वेळ तिची ठरली. दोन तास नाहीत, जेमतेम सव्वा तास, पण रोजचा. रविवारी दुपारी ती माझ्याकडे येते. तिचे पाहून आणखी दोघी येऊ लागल्या आहेत.

हे सगळे सुरळीत चालले असे मी सांगणार नाही. पहिल्या आठवड्यात चपात्या जाड झाल्या. एक पाहुणी मुलाच्या हातात परात पाहून हसली, तर त्याने दोन दिवस कणकेला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दादीने त्याला जवळ बोलावून काय सांगितले ते मला ठाऊक नाही, पण तो पुन्हा मळू लागला. मियाँची संध्याकाळची काही भाडी जातात, आणि महिनाअखेरीला ते घरात जाणवते.

जुलैच्या पुरवणी परीक्षेत तिचे इंग्रजी निघाले. गणित चार गुणांनी गेले. निकालाच्या दिवशी ती माझ्याकडे आली, वही उघडली आणि म्हणाली, "टीचर, समीकरणं पुन्हा पहिल्यापासून घेऊ." येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पुन्हा बसेल. सुपरवायझरची पुढची जागा कधी निघेल हे तिच्या हातात नाही. निघाली तर या वेळी तिच्याकडे कागद असावा, एवढीच तिची धडपड आहे.

या महिन्यात तुमच्या घरीही हा कागद करून पाहा. संध्याकाळची कामे लिहा, पुढे नावे लिहा. नावे घरातल्या मुलांना लिहू द्या, कारण ती खरे लिहितात. एकच नाव खालपर्यंत उतरत गेलेले दिसले, तर त्या बाईला विचारा की तिची शाळा कितवीत सुटली होती, आणि तिला काय शिकायचे होते. उत्तर लगेच मिळणार नाही. "आता काय शिकायचं," असे म्हणून ती विषय टाळेल. तेव्हा तिला उपदेश करू नका. परात आपल्याकडे ओढून घ्या.