कडी आपल्या दाराची, रस्ता सगळ्यांचा

"काय बे, मी गोळी मारली ना त्याला!" रात्री साडेअकराला कोणत्याही होस्टेलच्या खोलीबाहेर उभं राहा, हे वाक्य ऐकू येणारच. गोळी खरंच मारलेली असते. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात पिंग १८० दाखवत असतो आणि सर्व्हरला ती गोळी पोहोचेपर्यंत समोरचा भिंतीआड गेलेला असतो. मग कुणीतरी अनुभवी सल्ला देतो, "भाऊ, फायरवॉलमध्ये रूल टाक. सिंगापूर ब्लॉक कर. गेम गुमान मुंबईला नेते मग."

हा सल्ला बरोबर आहे का? बऱ्याच अंशी आहे. पण अर्धवट आहे, आणि उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही.

आधी साधा हिशेब बघू. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. यवतमाळहून मुंबई सरळ रेषेत साधारण ५७० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम ६ मिलिसेकंद. सिंगापूर साधारण साडेतीन हजार किलोमीटर, म्हणजे किमान ३५. मग प्रत्यक्षात आकडा एवढा फुगतो कसा? कारण डेटा सरळ रेषेत जात नाही. आपल्याला मुंबईची गाडी पकडायची तर आधी धामणगाव गाठावं लागतं ना, तसंच त्याचंही आहे. तो आधी कंपनीच्या जवळच्या केंद्रावर जातो, तिथून मोठ्या शहरात, मग पुढे. प्रत्येक थांब्यावर थोडा वेळ जातो. शिवाय होस्टेलच्या एका वायफायवर वीस जण व्हिडिओ बघत असतील तर रांग खोलीतच लागते.

आता फायरवॉलचं काम. बरेच गेम सामना शोधण्याआधी वेगवेगळ्या डेटा सेंटरना हाक मारतात आणि ज्याचं उत्तर लवकर येईल ते पसंत करतात. पण जवळ खेळाडू कमी असले की दूरचं सेंटरही चालवून घेतात. विंडोजच्या फायरवॉलमध्ये 'आउटबाउंड रूल' करून दूरच्या सेंटरचे आयपी पत्ते अडवले, की तिकडून उत्तरच येत नाही आणि ते सेंटर यादीतून गळतं. एवढीच ही युक्ती. यात हॅकिंग नाही, दुसऱ्याच्या मशीनला हात लावणं नाही. आपल्या दाराला आपण कडी लावतो, इतकंच.

पण कडी लावायची वेळ का यावी? डोटा २ मध्ये विभाग निवडता येतो, त्यात भारतही आहे. एपेक्स लेजंड्समध्ये सुरुवातीच्या स्क्रीनवरच डेटा सेंटर बदलता येतं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये किती पिंगपर्यंत चालेल याची मर्यादा ठरवता येते. त्या कंपनीची केंद्रं मुंबई आणि चेन्नईत आहेत. म्हणजे हे करणं अवघड नाही. तरी काही गेम हा निर्णय स्वतःकडेच ठेवतात, कारण पर्याय दिले की खेळाडू विभागले जातात आणि रांग लांबते. कंपनीची अडचण समजू शकते. पण कोणत्या सर्व्हरवर नेलं जातंय हे तरी खेळाडूला दिसायला हवं. त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: जवळच्या सर्व्हरवर राहण्यासाठी फायरवॉल वापरण्यात काही गैर नाही. आधी गेमची सेटिंग आणि नियम बघा, पर्याय नसेल तरच रूल टाका.

गैर कुठे आहे? तर हीच युक्ती उलटी वापरण्यात. काही जण मुद्दाम जवळचे सर्व्हर अडवून दूरच्या ठिकाणी जातात, 'तिकडे सोप्या लॉबी मिळतात' म्हणून. शूटर गेममध्ये सर्व्हर जास्त पिंगवाल्याला सांभाळून घेतो. गोळी सुटली तेव्हा समोरचा कुठे होता, हे थोडं मागे जाऊन तपासतो. त्यामुळे तिकडचा बिचारा आडोशाला पोहोचल्यावर मरतो. म्हणजे आपल्याला जो लॅग नकोसा वाटतो, तोच आपण दुसऱ्याच्या माथी मारतो. याला युक्ती म्हणत नाहीत, रडीचा डाव म्हणतात.

दुसरा धोका घाईचा. 'एका क्लिकमध्ये सर्व्हर ब्लॉक' करणारी कुठलीतरी फाइल मित्र पेनड्राइव्हवर देतो आणि ती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागते. म्हणजे घराची कडी लावायला अनोळखी माणसाच्या हातात अख्खा जुडगा दिला. त्यापेक्षा रूल स्वतः लिहा, त्याला नाव द्या, तारीख टाका. गेमचे सर्व्हर अनेकदा भाड्याच्या क्लाउडवर असतात; पत्त्यांचा मोठा पट्टा अडवला तर त्याच क्लाउडवरची दुसरी साइट किंवा अ‍ॅपही बंद पडू शकतं. मग परीक्षेचा फॉर्म उघडत नाही म्हणून वेबसाइटला शिव्या घालत बसाल, आणि दोषी निघेल तुमचाच विसरलेला रूल. पत्ते बदलतातही, त्यामुळे आज चाललेला रूल महिन्याभराने निरुपयोगी ठरू शकतो.

आणि एक गोष्ट फायरवॉल कधीच करू शकत नाही. ती दार बंद करू शकते, रस्ता जवळ आणू शकत नाही. मुंबईच्या सर्व्हरवरही पिंग उड्या मारत असेल तर दुखणं आपल्या लाइनमध्ये आहे. अशा वेळी विंडोजच्या 'ट्रेसर्ट' कमांडने वेळ कुठे जातोय ते बघा, स्क्रीनशॉट काढा आणि इंटरनेटवाल्याकडे लेखी तक्रार द्या. चौघा-पाचांनी मिळून दिली तर आणखी बरं. ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मान्यता असलेल्या खेळात वणीचा किंवा उमरखेडचा पोरगा फक्त लाइनमुळे हरत असेल, तर ते मैदानच वाकडं म्हणायचं.

तेव्हा आज रात्री रूल टाकायचा असेल तर जरूर टाका. फक्त हरल्यावर आधी पिंग बघा. तो ३० असेल, तर भाऊ, सराव कमी पडतोय.