भोपळ्यात कोण बसलं?

पूर्वी वाढदिवस त्याच्या तारखेला यायचा. आमच्या नातीचा चौथा वाढदिवस महिनाभर आधी आला आणि हॉलमध्ये ठाण मांडून बसला.

"बाबा, थीम ठरली. सिंड्रेला," सूनबाई म्हणाली.

"थीम म्हणजे?" या माझ्या प्रश्नावर चिरंजीवांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी एके काळी चेकवर सही करायला विसरणाऱ्यांकडे पाहत असे.

थीम म्हणजे पडदा निळा, फुगे निळे, केक निळा. (पुढे मुलांच्या जिभाही निळ्या झाल्या, त्याही थीममध्येच धरण्यात आल्या.) राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ साली बंदी आली, तेव्हा मला वाटलं होतं, सुटलो! पण हौसेला बंदी कुठे असते? सनबोर्डाचा पुरुषभर उंच राजवाडा आला आणि नेमका देवघरापुढे उभा राहिला. तीन दिवस मी राजवाड्याला वळसा घालून पूजा केली.

माझं भांडण सिंड्रेलाशी नाही. गुणी मुलगी. माझं म्हणणं एवढंच, की गोष्टीत भोपळाच हवा असेल तर आपल्या घरात एक आहे. शार्ल पेरो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १६९७ साली भोपळ्याची बग्गी केली खरी, पण तिला उंदरांचे घोडे, घुशीचा गाडीवान, शिवाय रात्री बाराला सगळा कारभार बंद! आमची म्हातारी बघा. लेकीकडे साजूक तुपावर राहून गुबगुबीत होते, भोपळ्यात बसते आणि वाघ-कोल्ह्यांच्या नाकावर टिच्चून निघते. घोडा नाही, परी नाही, वेळेचं बंधन नाही. वर पाहुण्यांना घारगे देता येतात.

"अहो बाबा, म्हातारीची थीम कोण करतं? फोटो कसे येतील?"

इथेच तर माझं दुखणं आहे. गोष्ट ही फोटोत यायची वस्तू आहे का? ती कोणीतरी मांडीवर घेऊन सांगायची असते, मध्येच "मग?" असं विचारलं की थांबायचं असतं. पण 'मग?'चा फोटो येत नाही.

मीही हट्टाला पेटलो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात भोपळा मुळी नाहीच. बूट बसावा म्हणून सावत्र बहिणी स्वतःच्या पायाचे तुकडे कापतात, हे मी जेवताना ऐकवलं. हिने नुसतं "अहो!" म्हटलं. त्यानंतर सजावटीच्या चर्चेतून मला वगळण्यात आलं.

समारंभ थाटात झाला. झालरीचा फ्रॉक टोचत असल्याने उत्सवमूर्ती तासभर रडवेली होती. फोटोत मात्र हसरी आली आहे. जाताना प्रत्येक मुलाला सिंड्रेलाचं पुस्तक मिळालं, प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. ते तसंच कपाटात जाणार, हे मी लिहून देतो.

रात्री फुगे आवरताना नात माझा सदरा ओढत राजवाड्याशी घेऊन गेली. दारातल्या निळ्या झग्याच्या बाईवर बोट ठेवून म्हणाली, "आजोबा, ही कोण?"

मी चरकलोच. संध्याकाळभर पोरगी सिंड्रेला होऊन फिरली होती आणि सिंड्रेला कोण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. महिना गेला, पैसा गेला, पेरो झाले, ग्रिम झाले. सांगायला मात्र कोणाला सवड नव्हती. मलासुद्धा. मी मुद्दे काढत होतो ना!

उरलेलं एक पुस्तक घेतलं, प्लॅस्टिक दाताने फाडलं आणि राजवाड्याला पाठ टेकून गोष्ट सुरू केली. बाराचे ठोके पडले, बग्गीचा पुन्हा भोपळा झाला, उंदीर पळाले, सिंड्रेला उघड्या रस्त्याने घरी गेली. पुढे बुटाचं सांगणार, तर नात तिथेच अडली.

"आणि भोपळा?"

"तो राहिला रस्त्यात."

"मग त्यात कोण बसलं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. सूनबाई स्वयंपाकघरात होती.

"एक म्हातारी," मी म्हणालो.