पोरगा उठून उभा राहिला म्हणजे बरा झाला असं नाही

"डॉक्टरसाहेब, काई नाई झालं जी. पोट्ट्याले परवाची फायनल खेळू द्या."

कबड्डीचा मोसम आला की हे वाक्य माझ्या दवाखान्यात ऐकू येतंच. मागच्या हिवाळ्यात असेच एक वडील मुलाला घेऊन आले. मुलगा कॉलेजच्या संघात उजवा कोपरा सांभाळणारा. चढाईपटूचा घोटा धरायला खाली वाकला आणि त्याचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. मिनिटभर भान नव्हतं. तोंडावर पाणी मारलं, ग्लुकोज पाजलं आणि उरलेला सामना त्याच्याकडून खेळवून घेतला. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून त्याने दहा मिनिटांत तीनदा विचारलं, "सामना कोण जिंकलं?"

मी फिटनेसचा दाखला दिला नाही. वडील रागावले. सीटी स्कॅन नॉर्मल आल्यावर तर जास्तच रागावले.

आज मला भांडायचं आहे ते याच समजुतीशी.

कवटीच्या आत मेंदू पाण्यात तरंगावा तसा असतो. डोक्याला जोराचा हिसका बसला की तो आत हलतो आणि त्याचं काम काही काळ विस्कळीत होतं. याला कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन दिसत नाही. म्हणजे नॉर्मल रिपोर्टचा अर्थ "आत रक्तस्राव दिसला नाही" एवढाच. "उद्या खेळायला हरकत नाही" असा नाही. शिवाय बहुतेक कन्कशनमध्ये खेळाडू बेशुद्ध पडतच नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उजेड सहन न होणं, तेच तेच विचारणं, तोल जाणं, शून्यात बघत राहणं, यातलं एक लक्षण दिसलं तरी संशय घ्यायचा आणि पोराला बाहेर बसवायचं.

का? कारण मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर त्रास कित्येक आठवडे लांबतो. क्वचित, विशेषतः तरुण वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाईनबॅकर नावाचा खेळाडू असतो. अंगावर येणाऱ्याला अडवायचं आणि पाडायचं, हे त्याचं काम. आपल्या कोपऱ्यासारखंच. ज्युनियर सेऊ हा तिथला नावाजलेला लाईनबॅकर कॉलेजनंतर २० मोसम व्यावसायिक खेळला. २०१२ मध्ये ४३व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. नंतरच्या तपासणीत त्याच्या मेंदूला वारंवार मार बसल्याने होणारा आजार सापडला. ख्रिस बोरलंड हा विस्कॉन्सिन विद्यापीठाचा लाईनबॅकर. २०१५ मध्ये, एकच व्यावसायिक मोसम खेळून, २४व्या वर्षी त्याने खेळ सोडला. कारण हेच, डोक्याची काळजी. एका माराने असा आजार होतो असं मी म्हणत नाही. कबड्डी सोडा असंही म्हणत नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी ज्या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं, तो खेळ आपल्या पोरांनी खेळलाच पाहिजे. पण शहाणपणाने.

"आम्ही मातीत खेळलो, आम्हाले काई झालं नाई," असं जुने खेळाडू सांगतात. ज्यांना झालं, ते सांगायला पारावर येत नाहीत.

"संघ अडकतो," असं प्रशिक्षक म्हणतात. सर, सात मैदानात असतात आणि पाच राखीव. ते पाच कशासाठी बसवलेत?

पोरगा स्वतःच दुखणं लपवतो, हे मात्र खरं. कलर होल्डर व्हायचं असतं, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण डोळ्यांसमोर असतं. संत्र्याच्या बागेचा भरवसा राहिला नाही, तिथे पोरगा या आशेवर खेळतो. मला ते कळतं. म्हणूनच निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. मार बसलेल्या डोक्याला स्वतःचा निर्णय घेता येत नाही.

तेव्हा नियम साधा ठेवा. डोक्याला मार आणि वरचं एकही लक्षण, तर त्या दिवशी खेळ बंद. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी. मग चालणं, हलकं धावणं, एकट्याने सराव. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. पकडीचा सराव त्रास पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन नको.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी, हातापायात कमजोरी, मान दुखणं, एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा. मेंदूची शस्त्रक्रिया वरूडमध्ये होत नाही. अमरावती किंवा नागपूर गाठायचं तर वेळ वाया घालवून चालत नाही.

तो मुलगा चार आठवड्यांनी पुन्हा मैदानात उतरला. ती फायनल राखीव खेळाडू खेळला. फायनल दरवर्षी होते. पोराचं डोकं एकच असतं.